नांगी

उभा राहा नीट, म्हटलं.
हात पसर, श्वास सोड, पोट आत ओढू नकोस,
टेपशी खोटं बोलून काय मिळणार आहे?
बेचाळीस.
याच माणसाची लग्नातली पँट मी आत घेतली होती,
तेव्हा बत्तीस.
टेप तीच, फक्त पहिला इंच झिजून तुटलाय,
म्हणून आलेल्या आकड्यातून एक वजा करते.

डावा खांदा उजव्याहून दीड बोट खाली.
सापळे ओढून ओढून, एल्वुड म्हणाला,
जसं काही मला ठाऊकच नाही.
खरं तर नव्हतं.
शर्ट धुतले, बटणं लावली,
पण ओठांत टाचण्या धरून
त्या खांद्यासमोर इतका वेळ
कधी उभी राहिले नव्हते.

दुकानातला तयार नमुना बारा वर्षांपर्यंतचा.
पुढे माणूस सोंग घेत नाही असं वाटत असावं त्यांना.
मी वर्तमानपत्रं चिकटवली एकमेकांना
आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर आखला
सहा फूट एक इंचाचा लॉबस्टर,
शेपटीत हवामानाचा अंदाज,
कपाळावर मासळीचे भाव.

कापड म्हणजे बैठकीचा जुना पडदा. लाल.
जिवंत लॉबस्टर लाल नसतो, तो म्हणाला,
हिरवट काळा असतो, ओल्या खडकासारखा.
लाल होतो तो पातेल्यात.
माहीत आहे मला. नोव्हा स्कोशियाच्या या टोकाला
रांगणाऱ्या पोरालाही माहीत आहे.
पण हिरवट काळा पडदा आपल्याकडे कधीच नव्हता.
मग उकडलेला हो, म्हटलं.
तो हसला, हलला,
आणि टाचणी टोचली दोघांनाही.

नांग्या सगळ्यात शेवटी.
मी दोन सारख्या शिवल्या. चूक.
एक फोडायची असते, जाड, दाढांसारख्या दातांची.
एक कापायची, सडपातळ, या तुझ्या कात्रीसारखी.
फोडायची कुठल्या हाताला?
ते ज्याचं त्याचं, म्हणाला,
लॉबस्टरांतही डावखुरे असतात.
रात्री साडेअकराला मी उसवत बसले.

जूनमध्ये त्याने बोट विकली, कंबरेच्या ऑपरेशननंतर.
किल्ली दिली, घरी आला, बटाटे सोलले.
मी फोनवर बहिणीला म्हटलं होतं,
या माणसाने नांगी टाकली गं.
हळू म्हटलं होतं. पण आमच्या भिंती पातळ.
त्याने ऐकलं का, मी विचारलं नाही.
दोन्ही नांग्यांत उशीचा कापूस ठासला,
मनगटापाशी दुहेरी टाका घातला,
मग आणखी एक.

हॅलोवीनच्या संध्याकाळी दार तो उघडेना,
उघडताच येईना. मी उघडलं.
चॉकलेटं त्याने नांगीने ढकलली पिशव्यांत,
निम्मी पायरीवर सांडली.
चादर पांघरलेलं एक छोटं भूत म्हणालं,
तुम्ही तर उकडलेले आहात.
अजून नाही, एल्वुड म्हणाला,
पाणी नुसतं कोमट आहे.

नंतर तो तसाच धक्क्यावर गेला,
शेपटी ओल्या डांबरावर घासत.
हंगामाला महिना उरलेला, पोरं सापळे रचत होती.
मी मागे, चार पावलं, त्याचा कोट हातात घेऊन.
अरे हा कुठून आला जाळ्यात,
डेल्बर्ट निकल ओरडला,
माप घ्या याचं, लहान असेल तर सोडा परत पाण्यात.
आणि खरंच ती पितळी मोजपट्टी काढून
त्याच्या पाठीला लावली, डोळ्यापासून खाली,
नियमाप्रमाणे.
सगळे थांबून बघत होते.

तो वाकला, आपलं माप देत,
डावा खांदा दीड बोट खाली,
दोन्ही नांग्या वर.